अर्धा तास कोण बोललं

दादा: म्हणजे न्यायाधीशांनी तुला विचारलं, आणि तू तोच प्रश्न त्या बाईला विचारलास?

दुभाषी: हो ना. साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "दमलात का? थांबूया जरा?" मी वळले आणि तिच्या भाषेत तिला विचारलं. ती म्हणाली, "नको, थांबू नका. मी बोलून नाही, लेकीची वाट बघून दमलेय." मग मी साहेबांना खणखणीत आवाजात सांगितलं, "नको, थांबू नका. मी बोलून नाही, लेकीची वाट बघून दमलेय."

दादा: तुला लेक कुठली? तुझं तर अजून लग्न जमवतोय आम्ही. कोर्ट हसलं असेल.

दुभाषी: कोणी नाही हसलं.

दादा: पण हे 'मी, मी' कशाला? 'ती म्हणतेय' असं सांगावं की सरळ.

दुभाषी: आमच्या कामात ते चालत नाही, दादा. ती 'मी' म्हणाली की मीही 'मी'च म्हणायचं. सकाळी चोर, दुपारी सासू, संध्याकाळी घरमालक.

दादा: नाटकवालीच झालीस की.

दुभाषी: नाटकात नट आत कुठेतरी असतो. काल अर्धा तास आत कोणीच नव्हतं.

दादा: घाबरवू नकोस हं. चक्कर आली होती का?

दुभाषी: उलट सगळं लख्ख होतं. तिच्या तोंडून शब्द निघत होते, माझ्या तोंडून निघत होते. खिडकीतली माशीसुद्धा ऐकू येत होती. फक्त हे सगळं करणारी कुठे सापडेना. आणि भीती म्हणशील तर अजिबात नाही. इतकं मोकळं मला जन्मात वाटलं नव्हतं.

दादा: मग सकाळपासून डोळे का पुसतेस?

दुभाषी: त्या बाईसाठी. मुलीच्या बापाचा वकील म्हणतो, दुभाषी भानावर नव्हती, जबानी रद्द करा. रद्द झाली की बाप मुलीला घेऊन परदेशात जाणार, मग कुठली भेट नि कसलं काय. उद्या साहेब मला विचारणार, त्या अर्ध्या तासात बोलत कोण होतं?

दादा: त्यात काय एवढं? 'भानावर होते, जीभ घसरली.' विषय संपला.

दुभाषी: ते खोटं आहे.

दादा: अगं, एका वाक्यानं कुणाचं लेकरू आईजवळ राहतंय. उगाच हरिश्चंद्राचा अवतार होऊ नकोस.

दुभाषी: ऐक तर. मला हे काम शिकवलं त्या बाईंना कोर्टानं काल जबानीची टेप तपासायला दिली. तो एक प्रश्न सोडला तर एका शब्दाची चूक नाही. बाई कशा आहेत तुला ठाऊक आहे, आजवर मला नुसतं 'बरं' म्हणाल्या नाहीत. ती आई जिथे अडखळली तिथे मीही अडखळलेय. बाईंनी मला विचारलं, "हे कसं केलंस गं?" मी काय सांगू? मी जीव ओतून काम करते तेव्हा चार चुका होतात. काल मी नव्हतेच, तर एकही नाही.

दादा: (इस्त्री उभी ठेवून) थांब. तुझा हा कुर्ता इस्त्री होऊन गेलाय. बाह्या, कॉलर, पाठ, सगळं. मी तर मघापासून तुझ्याशी वाद घालतोय.

दुभाषी: जाळला तर नाहीस ना?

दादा: कुठेच नाही. हे बघ, काटा आला अंगावर.

दुभाषी: माझा कालपासून गेलेला नाही.

दादा: आपली आई गेली तेव्हा लोक म्हणाले, थोरल्यानं सगळं निभावलं. मी काय निभावलं? होत गेलं एकेक. मी नुसता त्यात होतो. मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी कमी आहे.

दुभाषी: कधी बोलला नाहीस.

दादा: काय बोलणार? असो. उद्या खरं तेच सांग. पण साहेब काही कच्चे नाहीत. ते विचारतील, 'आत कोणी नव्हतं, तर आमच्यासमोर शपथ कोणी घेतली होती?'

दुभाषी: शपथ मी घेतली होती.

दादा: आणि पाळली कोणी?

दुभाषी: ते मला माहीत नाही, साहेब. पण पाळली गेली. टेप लावून बघा.