बाराशे धागे

—नाही, त्या स्टुलावर नको, त्याचा पाय मोडलाय, इकडे सतरंजीवर बसा. आणि हातात ते पुडकं कसलं? पेढे? ठेवा तिथे फळीवर. नोकरी लागली की पेढे द्यायची पद्धतच आहे, आणि कळलंय मला, अख्ख्या शांती नगरला कळलंय — स्टेशनसमोरच्या साडीच्या दुकानात तुमची पंचशीला घड्या घालते. वा, वैजयंताताई! तीन वर्षं मी तिला हातमागावर कापड विणायला शिकवलं, आणि ती मशीनच्या साड्यांच्या घड्या घालते, गिऱ्हाईक विस्कटून गेलं की परत घालते. दहा तास उभं ठेवतात ना? बसूबिसू देत नाहीत ना? बरं झालं. माझ्याकडे निदान बसून तरी होती.

भांडायला आलायत तुम्ही, मी ओळखलं. मग भांडा की! विचारा, बाई, माझ्या पोरीचं कापड का कापलंत — सांगते ना, मी काय घाबरते? माझ्याकडे जी येते तिचं पहिलं कापड मी कापते. सगळ्यांचं. ती सी विंगमधली संपदा येते, डॉक्टरची बायको, तिचं महिनाभराचं कापड कात्रीने टराटरा कापलं तर ती म्हणाली, हाऊ इंटरेस्टिंग, आणि तुकड्यांचे फोटो काढत बसली. त्यांना काय, त्यांना मन शांत करायला यायचं असतं, कुणीतरी सांगितलेलं असतं की विणकामाने टेन्शन जातं. जातं तर जातं. मी चौथी शिकलेली बाई, मला त्या फी देतात आणि मी त्यांना ओरडते, तेही त्यांना आवडतं. पण पंचशीला तशी नव्हती. तिला ओरडलं की ती रडायची नाही, बघत राहायची माझ्या हाताकडे. मला ते आवडायचं नाही, खरं सांगते. माझ्या आईने मला शिकवलं ते लाकडी पट्टीने, काठ वाकडा आला की बोटांवर पट्टी — हे बघा, हे बोट अजून सरळ होत नाही. मी तुमच्या पोरीला हात तरी लावला का कधी? नुसतं कापड कापलं.

काय? पहिलं नव्हतं म्हणता? हो, नव्हतं पहिलं. तिसऱ्या वर्षाचं होतं, चार महिने चाललं होतं, मला माहीत नाही होय? काठ खेचला होता तिने. बोटभर आत आला होता डावा काठ, आणि असलं कापड माझ्या मागावरून — असलं कापड प्रदर्शनात — अहो, रडताय का? का मान हलवताय? तोंडाने बोला, मला असं मान हलवलेलं — उजेड कमी आहे इथे.

बरं, ऐका. नव्हता खेचला काठ. झालं समाधान? सरळ होता. वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं मी, सुरी ठेवल्यासारखा सरळ. त्या दिवशी प्रदर्शनवाल्या बाई आल्या होत्या बघायला, संपदाबिंपदा सगळ्या बसलेल्या, आणि ती बाई मागापाशी उभी राहून म्हणते, उर्मिलाताई, हे तुमचं आजवरचं सगळ्यात चांगलं काम आहे. मी काही बोलले नाही. गप्प राहणं म्हणजे काय खोटं बोलणं झालं? मागच्या वर्षी पण नव्हते बोलले, त्या दोन शाली प्रदर्शनात माझ्या नावाने भिंतीवर लागल्या तेव्हा, आणि तेव्हा तुमची पोरगी पण गप्प होती ना? मग ह्याच वेळी काय झालं तिला? कोपऱ्यात धाग्याच्या कांड्या भरत बसली होती, तिथूनच म्हणाली — आवाज पण चढवला नाही हो — म्हणाली, बाई, ते मी विणलंय.

सगळ्यांसमोर!

मग उचलली कात्री. आणि आता हे तुम्हाला कळायचं नाही, पण सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. कापड कापायचं तर पुढून कापायचं असतं. मागच्या बाजूला जुने धागे तसेच राहू द्यायचे, मग नवे धागे त्यांनाच एकेक करून गाठवायचे, की काम परत सुरू. लहान पोर पण मागून कापत नाही. मी मागून कापलं. पस्तीस वर्षं मागावर बसलेली बाई मी, रागात मागून घातली कात्री, आणि एका झटक्यात बाराशे धागे सुटले, सगळे मागावर टांगलेल्या दोऱ्यांच्या डोळ्यांतून सरसर निघून आले आणि जमिनीवर पडले. नुसता सांगाडा राहिला. तो बघा, तसाच उभा आहे. आता बाराशेच्या बाराशे परत ओवायचे, एकेक धागा एकेका डोळ्यातून, एकीने मागून द्यायचा, एकीने पुढून आकड्याने ओढायचा. एक चुकला तर सगळी वीण चुकते. शनिवारी प्रदर्शन आहे. हाच माग तिथे न्यायचाय, लोकांसमोर बसून विणायचंय मला, मुर्धा गावातून टेम्पो सांगून ठेवलाय. आज बुधवार.

संपदाला बसवलं काल. चाळीस धागे ओवले, त्यातले अकरा चुकीचे, आणि पाठ दुखते म्हणून गेली. मी स्वतः — मी का नाही ओवत? छान विचारलंत. तुमच्यात आली कुठून एवढी हिंमत? नाही दिसत म्हणून नाही ओवत! मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता, हे आत मागे आहे कुठेतरी, डॉक्टर म्हणतो वाढत जाणार. जिकडे बघते तिथेच मधोमध डाग. कडेकडेचं दिसतं. तुमचा पदर दिसतोय, तोंड नाही दिसत. वर्ष झालं. वर्षभर इथे जे जे विणलं गेलं ते — जाऊ द्या. तिला माहीत होतं. मी न सांगताच माझ्या डावीकडे येऊन बसायला लागली, रंगांची नावं हळूच म्हणायची, जशी स्वतःशीच बोलतेय. असली दया मला नको होती कुणाची.

तर तिला सांगा, दोन दिवस ये म्हणावं. उद्या आणि परवा. दुकानात काय, पोट दुखतंय सांगायचं. शिकायला नको, मदतनीस म्हणून ये. बोला ना काहीतरी! बरं, नाव लावते तिचं, खाली बारीक अक्षरात. नको बारीक? मग माझ्याएवढ्याच अक्षरात लावते, घ्या. दोन शाली पण तिच्या नावावर करते. आणखी काय, पाया पडू? तुम्ही पण ना, पोरीसारख्याच, बघत राहता नुसत्या. इतका वेळ बोलतेय मी, आणा ते पेढे तरी, तोंड कोरडं पडलं — हे काय? लाकूड आहे हे. हे तर —

माझा धोटा, आडवा धागा फेकायचा. माझ्या आईचा. मागच्या दिवाळीला दिला होता तिला. म्हणजे परत पाठवला. म्हणजे येणार नाही, असंच ना? मग हे आल्या आल्या सांगायला तुमच्या जिभेला काय झालं होतं? माझ्याकडून सगळं वदवून घेतलंत आणि आता —

काय? कुठे?

इस्त्रीवाल्याच्या टपरीपाशी ते पिवळं दिसतंय ते? मला वाटलं त्याने चादर वाळत घातलीय. केव्हापासून उभी आहे? तुमच्याबरोबरच आली? म्हणजे ऐकलं तिने. दार उघडंच होतं, सगळं ऐकलं असणार, डोळ्यांचं पण, शालींचं पण.

काय म्हणते ती? मी एकदा हाक मारली तर येईल? धोटा तिला परत दिला की आजच बसेल ओवायला? एवढंच? नुसतं पंचशीला म्हणायचं?



मी हाक मारायची. मी. माझ्या दारातून, त्या इस्त्रीवाल्यासमोर, संपदाच्या खिडकीखाली, मी हाक मारायची आणि ती येणार. आणि मग शनिवारी ती माझ्या डावीकडे बसणार आणि लोक म्हणणार, बघा, बाईची नजर गेली, आता शिकवलेली पोरगीच सांभाळते.

नाही. उठा तुम्ही. तो धोटा इथेच राहू द्या, तो माझा आहे. घड्या नीट घाल म्हणावं. आणि जाताना दार ओढून घ्या, मागावर धूळ बसते.