अस्वलाच्या पाठीची जाळी

सन्माननीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरचे पाहुणे, आजचे उत्सवमूर्ती आमचे चष्मेवाले, आणि हातातली सुई खाली ठेवून इथवर आलेल्या वेशभूषा मंडळातल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

अध्यक्षांनी मला चष्मेवाल्यांबद्दल चार गौरवाचे शब्द बोलायला सांगितलं आहे. चष्म्याचं दुकान बंद करून ते आता लेकीच्या गावी राहायला चालले आहेत. मला वाईट वाटतंय का? वाटतंय. पण जेवढं वाटायला हवं तेवढं नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझा चेहरा तुम्हाला दिसतोच आहे.

आपलं मंडळ हौशी. पोशाख आपणच शिवतो, आपणच घालतो, आणि शाळांत, इस्पितळांत जाऊन मुलांना हसवून येतो. पण आपल्यातल्या निम्म्यांचं बोलणं उरलेल्या निम्म्यांना कळत नाही. म्हणून चष्मेवाल्यांनी चार भाषांतली वेबसाइट करायला घेतली, दुकानामागच्या खोलीत, भिंगांच्या खोक्यांमध्ये बसून. एका भाषेतले शब्द एवढे लांब की चौकटीबाहेर सांडायचे. मग कपडा कंबरेत सोडावा तशी त्यांनी चौकट सैल केली. दुसरी भाषा उजवीकडून लिहायची, तिच्यासाठी अख्खं पानच फिरवलं. माणसाने मेहनत केली. टाळ्या व्हायलाच हव्यात. झाल्या? बरं, आता पुरे.

माझं दुखणं वेगळं आहे. त्यांनी एक नियम केला. ज्याने पोशाख शिवला त्यानेच त्याच्याबद्दल आपल्या भाषेत लिहायचं, आणि त्याचं भाषांतर घरच्या माणसाने करायचं नाही. का? तर म्हणे, घरचा माणूस स्वतःचंच घुसडतो!

आता हा टोमणा कोणाला होता? आमची ही वेगळ्या भाषेची. इथली भाषा तिला सगळी कळते, पण चारचौघांत बोलायला बिचकते. लग्न झाल्यापासून तिच्या वतीने मीच बोलत आलो. ती माझ्या कानात सांगायची आणि मी उभा राहून म्हणायचो, "ही म्हणते, कापड कमी पडेल." सांगितलेलं असायचं बरंच, पण सभेला वेळ कुठे असतो? नियम आला आणि माझी जागा गेली. तिथे येऊन बसलं कोण? चष्मेवाले! त्यांच्या आईची भाषा नेमकी तीच निघाली. इस्त्रीच्या टेबलाशी दोघं बसायची. ते विचारायचे, ही सांगायची, आणि हसायची. मी पलीकडच्या टोकाला, शब्द ऐकू येणार नाहीत इतका लांब, अस्वलाच्या मुंडक्यावर ब्रश फिरवत बसलेला. अहो, हसण्यासारखं एवढं होतं तरी काय?

ते अस्वल तुम्ही ओळखताच. शिवलं हिने, आत मी. आपला वाघ, म्हणजे आपले पोस्टमन, दहा उड्या मारल्या की घामाघूम होऊन मुंडकं काढून बसतात. मी मात्र कार्यक्रम संपेपर्यंत नाचतो. याची मी किती फुशारकी मारली आहे, ते विचारू नका.

मला हिची भाषा बोलता येते, वाचता येत नाही. त्यामुळे तिने लिहिलेलं मीही चष्मेवाल्यांच्या भाषांतरातच वाचलं. तेही वाघाने फोन करून "अहो, पान बघितलंत का?" असं विचारल्यावर. तिथे लिहिलं होतं, "अस्वलाच्या पाठीला, केसांखाली, मी जाळीचं कापड लावलं आहे. आतल्या माणसाला उकाडा सोसत नाही, पण तो कबूल करत नाही. त्याला वाटतं, आपण फार काटक आहोत. वाटू दे."

चार भाषांत, मंडळी! मी काटक नाही, हे चार भाषांत!

घरी जाऊन विचारलं, "हे त्यांना सांगितलंस, मला का नाही?"

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांनी विचारलं. तू कधी विचारलंस?"

जळलो. खोटं कशाला बोलू, अजून जळतोय. शिवण हिची, पाठ माझी, आणि गुपित कोणाला ठाऊक, तर चष्मेवाल्यांना!

म्हणून ते जाणार असं कळलं तेव्हा मनात म्हटलं, चला, आपली जागा परत मिळाली. गेल्या सभेत मी ठराव मांडला की यापुढे घरच्यांनी भाषांतर करायला हरकत नसावी. विरोधात पहिला हात कुठून वर गेला, ते तुम्ही पाहिलंत. माझ्या शेजारच्याच खुर्चीतून. वर त्याच सभेत तुम्ही वेबसाइटची जबाबदारीही तिच्याकडे सोपवलीत.

चष्मेवाले, तुमच्यावर माझा राग आहे आणि तो एवढ्यात जाणार नाही. पण तुम्ही विचारलं नसतंत, तर माझ्या पाठीला वारा कुठून लागतो हे मला जन्मात कळलं नसतं. तिकडे सुखाने राहा. लेकीलाही आमचा नमस्कार सांगा.

माझ्यानंतर आमची ही बोलणार आहे. स्वतः, इथल्या भाषेत, मध्ये कोणीही नाही. काय बोलणार ते मला माहीत नाही. सकाळी विचारलं, हो, विचारलं मी, तर म्हणाली, "तिथेच ऐक." चष्मेवाल्यांनाही माहीत नाही, याची मी मघाशी खात्री करून घेतली आहे. आज त्यांनाही माझ्यासारखंच खाली बसून ऐकायचं आहे, तेवढं माझं समाधान कोणी हिरावून घेऊ नये.

एवढा वेळ ऐकून घेतलंत, त्याबद्दल सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, एखादा शब्द लागला असेल, तर आपला माणूस म्हणून सांभाळून घ्या.

थांबा, जाण्याआधी हा माइक जरा खाली करतो. तिची उंची कमी आहे.