ऑरेस्ट सरांचा उजवा पाय

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या लोन विलो गावच्या नगराध्यक्षा शीलाबाई पॉपोविच, स्वयंसेवक चालक मंडळाच्या वतीने हा देखणा लाकडी फलक घेऊन दोनशे किलोमीटरवरून आलेले श्री. गॉर्डन लिंडाल, आजचे सत्कारमूर्ती आणि या सभागृहातल्या निम्म्याहून अधिक लोकांच्या हाती पहिल्यांदा स्टिअरिंग देणारे ऑरेस्ट डिडुख सर, सकाळपासून कोबीचे रोल वळून आता स्वयंपाकघराच्या दारात ओल्या हातांनी उभ्या असलेल्या माझ्या मैत्रिणींनो, आणि पेरणी तोंडावर आलेली असताना ट्रॅक्टर बंद करून इथे आलेल्या गावकऱ्यांनो,

मी मर्ना टॉरगर्सन. तुम्ही सगळे मला ओळखता, पण मागच्या टेबलावर बाहेरगावची मंडळी दिसताहेत, म्हणून सांगते. माझी मूत्रपिंडं कामातून गेली आहेत. सहा वर्षं, दर मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी, सर स्वयंसेवक म्हणून चालवायचे त्या आपल्या गावच्या पांढऱ्या व्हॅनमध्ये, त्यांच्या शेजारच्या सीटवर बसून मी शहरात डायलिसिसला जात होते. जायला एकशेतीस किलोमीटर, यायला तेवढेच. माझ्या नवऱ्याबरोबरसुद्धा मी इतका प्रवास केलेला नाही, आणि तो समोरच बसलाय, त्याला वाईट वाटू नये.

मला दहा मिनिटं दिली आहेत. शीलाबाईंनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलंय, ते मी पाहिलं.

सरांची पहिली तुकडी आमची. मी सोळाची होते, सर चोवीसचे. शाळेची ती तपकिरी गाडी आठवते का कुणाला? पहिल्या दिवशी सरांनी इंजिन सुरूच करू दिलं नाही. म्हणाले, "बूट काढा." बाहेर उणे वीस. आम्ही बूट काढले. मोजे कसे होते आणि गाडीत वास कसा सुटला, ते मी जेवणाआधी सांगत नाही. सर म्हणाले, "आता डोळे मिटा. ब्रेक कुठला, अ‍ॅक्सिलरेटर कुठला, ते तळपायाने ओळखा. गाडी चालवताना डोळे रस्त्यावर असतात. पायाला स्वतःचे डोळे हवेत." पूर्ण एक तास आम्ही डोळे मिटून, मोज्यांनी पेडल चाचपत बसलो होतो. माझ्या आईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "यासाठी आपण शाळेला फी देतो?"

पुढे गाड्यांमध्ये पाय न लावता ठरलेला वेग राखणारं क्रूझ कंट्रोल आलं आणि सरांच्या शिकवण्यात एक नवा धडा वाढला. माझी दोन्ही मुलं तो शिकली. बघू, अजून कोणाकोणाला येतो ते. क्रूझ कधी बंद? ...पाऊस! बर्फ! धुकं! वळणं! गर्दी! पाहिलंत, सर? तिसऱ्या रांगेतल्या मंडळींची पन्नाशी उलटली, तरी पाठ आहे. आणि त्याच्यापुढचं वाक्य? "क्रूझ वेग सांभाळतं, रस्ता नाही. रस्ता तुम्हालाच सांभाळायचा आहे." म्हणून क्रूझ लावलं तरी पाय ब्रेकजवळच. खाली पसरून बसायचं नाही. आपल्याकडचे रस्ते आखणीच्या फुटपट्टीसारखे, तासभर वळण नाही. डोळा लागायला तेवढं पुरतं.

आता मी जे सांगणार आहे, ते सरांनी मला सांगायला लावलंय. ते या सत्काराला येतच नव्हते. शीलाबाई तीनदा त्यांच्या घरी जाऊन आल्या. शेवटी सर म्हणाले, "येतो, पण मर्नाने खरं सांगायचं. मी बोलायला उभा राहिलो तर रडेन, आणि ते कुणाला बघवणार नाही." तेव्हा, गॉर्डन साहेब, तुमच्या फलकावर 'चौदा वर्षं, एकही अपघात नाही' असं लिहिलंय ना? त्याच्याविषयीच बोलायचं आहे.

सरांना मधुमेह आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पाय बधिर होत चाललेत, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मला ते गेल्या सप्टेंबरमध्ये लक्षात आलं, कापणी चालू होती तेव्हा. मी शेजारीच बसायचे. गावाबाहेर पडलो की सर लगेच क्रूझ लावायचे. त्यात काही नवल नाही. पण पुढे ट्रक आला तरी पाय हलायचा नाही. अंगठ्याने स्टिअरिंगवरचं बटण दाबून वेग कमी, अंगठ्यानेच जास्त. कुठे थांबायचं असलं की आधी मान खाली घालून आपल्या पायाकडे बघायचे. ज्या माणसाने आम्हाला डोळे मिटून पेडल ओळखायला शिकवलं, तो माणूस ब्रेक कुठे आहे ते खाली वाकून बघत होता.

मी काय केलं? काहीही नाही. सरांना त्यांच्या तिमाथी बिटरबद्दल विचारलं. तिमाथी बिटर म्हणजे त्यांचा कुत्रा, मागच्या टेबलासाठी सांगते. मग हवेबद्दल बोललो. घरी येऊन नवऱ्यालाही काही सांगितलं नाही. कारण व्हॅन चालवायला दुसरं कोणी नव्हतं, आणि नजर अधू झाल्यामुळे नवऱ्याने गाडी चालवणं केव्हाच सोडलं होतं. सरांनी किल्ली ठेवली की माझं डायलिसिस बंद, नाहीतर पंचेचाळीस वर्षांचं घर सोडून शहरात जायचं. मला माझं घर हवं होतं. त्यापायी मी सरांचा, माझा, मागे बसलेल्या अल्माचा आणि समोरून येणाऱ्या प्रत्येकाचा जीव टांगणीला लावला. दोन महिने.

अल्मा ब्रॉट्झेल. तिची ओळख करून द्यायला नको, तिची खुर्ची आज रिकामी आहे. चौऱ्याऐंशी वर्षांची अल्मा मधल्या सीटवर बसायची, मांडीवर गोधडी घेऊन, आणि येताना कायम झोपलेली असायची.

तो नोव्हेंबरचा दुसरा गुरुवार. परत येत होतो, दुपारचे तीन वाजले असतील. भुरभुर पाऊस सुरू झाला आणि काचेवर पडता पडता गोठायला लागला. मी वाट बघत होते, सर आता क्रूझ बंद करतील. पाऊस, बर्फ, दोन्ही एकदम. सर बंद करेनात. मला वाटलं, विसरले. ते विसरले नव्हते. मागाहून त्यांनीच मला सांगितलं. म्हणाले, "मर्ना, क्रूझ बंद केलं असतं तर पायाने चालवावं लागलं असतं. आणि मला पाय सापडत नव्हता."

ओढ्यावरच्या पुलावर चाकं घसरली. पूल रस्त्याच्या आधी गोठतो, हेही सरांनीच शिकवलेलं. चाकांची पकड सुटली की त्या यंत्राला काय कळणार? ते आपलं ठरलेला वेग राखायला बघतं, आणखी जोर लावतं. इंजिन ओरडायला लागलं, मागची बाजू कठड्याकडे निघाली. सरांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि नजर खाली, पायाकडे. मी हात लांब करून बटण दाबलं. क्रूझ बंद. आणि ओरडले, "सर, पुढे बघा!"

त्यांनी पुढे बघितलं. त्यानंतर त्यांनी जे केलं ते या सभागृहात दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. ब्रेक नाही, झटका नाही. दोन बोटांनी धरावं तसं स्टिअरिंग धरून, जिथे जायचं आहे तिथे बघत, त्यांनी ती व्हॅन पुलावरून पार नेली आणि तिचा वेग आपोआप कमी होऊ दिला. रस्त्याच्या कडेला गाडी थांबली. मग त्यांनी दोन्ही हातांनी आपला उजवा पाय मांडीखाली धरला, उचलला आणि बाजूला ठेवला, एखादी पिशवी ठेवावी तसा.

मग सर म्हणाले, "तुला कधीपासून माहीत आहे?"

"कापणीपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"मला मंगळवारी कोणी नेलं असतं, सर?"

ते म्हणाले, "आणि मी कुणाला सांगितलं असतं तर मंगळवारी मी कुठे गेलो असतो?" त्यांच्या बायकोला, ओल्गाताईंना, जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. ही व्हॅन होती म्हणून हा माणूस सकाळी उठून दाढी करत होता.

शीलाबाई, त्या दिवशी इंजिन तापलंय असं सांगून तुम्हाला बोलावून घेतलं. तुम्ही ट्रक घेऊन त्या घसरड्यात आलात आणि आम्हाला घरी सोडलंत. इंजिनाला काही झालं नव्हतं. माफ करा. दुसऱ्या दिवशी सरांनी किल्ली तुमच्या टेबलावर ठेवली आणि 'वय झालं' म्हणाले.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. दुकानात, पोस्टात, बर्फावरच्या कर्लिंग खेळाच्या हॉलमध्ये पाटी लावली, चालक पाहिजे म्हणून. ती पाटी अजून आहे, मी येताना पाहिली. मी कुणाला बोल लावत नाही. ज्याला त्याला आपलं काम आहे आणि आपण कोणी तरुण राहिलेलो नाही. थोडे दिवस शेजाऱ्यांनी आळीपाळीने नेलं, नाताळ झाला आणि तेही थांबलं. जानेवारीत मी शहरात तळघरातल्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. अल्मा म्हणाली, मी कुठेही जाणार नाही. आणि तिने डायलिसिस थांबवलं.

तशा अवस्थेत ती अकरा दिवस होती. मी दोनदा येऊन तिच्याजवळ बसले. आम्हा डायलिसिसवाल्यांना बटाटा, केळं, टोमॅटो, संत्रं, सगळं मना. अल्माने लेकीला भाजलेला बटाटा करायला लावला, वर आंबट साय आणि शेपू. चार घास खाल्ले आणि म्हणाली, "सहा वर्षं मी याची स्वप्नं बघितली. एवढा काही खास नाही गं."

तिच्या अंत्यविधीला सर शेवटच्या बाकावर बसले आणि जेवणाआधी निघून गेले. मी मागे गेले. गाडीतळावर ते मला म्हणाले, "मी किल्ली दिली नसती तर अल्मा आज असती." तेव्हापासून ते घराबाहेर पडत नाहीत, हे तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. काहींना वाटलं, सरांना मिजास आली.

सर, आता माझ्याकडे बघा. तुम्ही मला जे सांगायला सांगितलं होतं ते झालं. हे पुढचं अल्माचं आहे. तिने मला बजावलं होतं की चार लोकांत सांग, एकटा सापडला तर तो वाद घालेल.

ती म्हणाली, "पोरी, त्या दिवशी मी झोपले नव्हते. पूल ओलांडेपर्यंत देवाचं नाव घेत होते. त्याचा पाय गेलाय हे मला तुझ्याआधीपासून ठाऊक होतं. मागून मला तो आपला पाय हाताने उचलून आत घेताना दिसायचा." म्हणजे तिघांनाही माहीत होतं, सर. तिघंही हवेबद्दल बोलत होतो.

मी विचारलं, "मग अल्मा, तू का नाही बोललीस?"

ती म्हणाली, "मी दोन वर्षांपूर्वीच कंटाळले होते. त्या सुया, ते यंत्र, सगळं पुरे झालं होतं. पण सव्वासहाला ऑरेस्ट दारात यायचा. हॉर्न एकदाच, हळू. पायऱ्यांवरचा बर्फ काढून ठेवलेला असायचा. आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? मी त्याच्यासाठी जात होते. व्हॅन बंद झाली आणि मी सुटले. त्याला सांग, त्याने मला मारलं नाही. त्याच्यामुळे मी दोन वर्षं जास्त काढली, आणि ती वाईट नव्हती. पत्त्यांत मी त्याला भरपूर लुटलं."

हे तिच्या मनातलं खरं होतं, की तुमच्यासाठी ती मरतानाही थाप मारत होती, हे मला माहीत नाही. पत्त्यांमध्ये ती किती सहज थापा मारायची, ते आपण दोघांनी अनुभवलंय. मी खूप विचार केला. मला एवढंच कळतं की ज्या बाईकडे अकराच दिवस उरले होते, तिने त्यातला एक तुमची काळजी करण्यात घालवला.

गॉर्डन साहेब, सर हा फलक घेणार नाही म्हणतात. म्हणतात, लिहिलंय ते खोटं आहे. सर, ते खोटं नाही. चौदा वर्षांत अपघात झाला नाही. पंधराव्या वर्षी झाला असता, आणि तो होऊ नये म्हणून तुम्ही तुमच्याकडे उरलेली एकुलती एक गोष्ट काढून टेबलावर ठेवलीत. मी ठेवली नसती. मला ठाऊक आहे, कारण मी गप्प बसले होते. तुमच्या शिष्यांपैकी कुणाचे हात, डोळे, पाय दगा द्यायला लागले असतील, तर त्यांनी आज घरी जाऊन घरच्यांना सांगावं, आणि घरच्यांना दिसत असेल तर त्यांनी हवेबद्दल बोलणं थांबवावं. तळपायाचा तो धडा तुम्ही आम्हाला दिलात, हा दुसरा त्यापुढचा आहे, आणि तो तुम्हाला फार महाग पडला.

मी आता डायलिसिस केंद्रापासून दोन गल्ल्या सोडून राहते. चालत जाते, सोयीचं आहे. तरी मंगळवारी सहा वाजता उठून, कोट घालून खिडकीशी उभी राहते. हॉर्न येणार नाही, हे माहीत असतं.

दहा मिनिटं केव्हाच झाली. शीलाबाईंनी घड्याळ उलटं करून ठेवलं, त्यांचे उपकार. मला इथे उभं केलंत, ऐकून घेतलंत, त्याबद्दल सगळ्यांची ऋणी आहे. आनंदाच्या कार्यक्रमात नको ते बोलले असेन, कुणाला लागलं असेल, तर आजारी बाई म्हणून नव्हे, तुमच्यातलीच एक म्हणून पदरात घ्या. रोल गार होताहेत.

आणि सर, व्यासपीठाला तीन पायऱ्या आहेत. फलक गॉर्डन साहेब धरतील. तुम्ही माझा हात धरा, खाली बघू नका. पाऊल कुठे पडतंय, ते मी सांगते.