रेशमाच्या नालीचं पाणी

जळगाव जामोदच्या मोटारस्टँडवर भर उन्हात रांग लागली होती. सोनाळ्याच्या उत्तमरावांनी पुढच्या, गावातल्याच दोन बायांपासून हातभर अंतर राखलं होतं, पण कानांना काही अंतर राखता येईना.

"बनाबाई, पाटील नाली काऊन खोदून राह्यला वो?"

"रेशमाच्या कारखान्याचं पाणी वावरात नेऊन राह्यला तो."

"कोष उकळलेलं ते घाण पाणी? वास येते म्हणून त्यानंच तं ते आपल्या बौद्धवाड्यात सोडलं होतं."

"सोडलं होतं. मंग रेशीम खात्याचा साहेब आला. म्हणे, कोष उकळले का रेशमाचा चीक पाण्यात उतरते, अन् त्या चिकात प्रोटीन राह्यते. आटवून भुकटी केली तं ढोरायले पेंडीपरीस भारी."

"मंग?"

"मंग काय, पाटलाले वास यायचाच बंद झाला. हौद बांधला, राखणीले गडी बसवला."

"पण पाणी तं आपल्याच दारावरून जाईन ना?"

"जाईन ना. आपल्या नालीलेच पुढं जोडून राह्यला."

"मंग विटाळ नाही होत?"

"मीबी पाटलाले तेच इचारलं, जनकाबाई. म्हणे, प्रोटीनले विटाळ नसते."

"अन् त्याच्या विहिरीच्या पाण्याले?"

"त्यात प्रोटीन नाही म्हणे."

मागे उत्तमरावांना जोराचा ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं, तरी तो थांबेना. बनाबाईंनी पिशवीतून तांब्या काढून पुढे केला.

"घोटभर पाणी घ्या, भाऊ."

"नको," उत्तमराव ठसकतच म्हणाले, "तहान नाही."