स्वल्पविरामापुढचं

— नाही, तो फोन जरा खाली ठेवा ना, इंद्रायणीताई. वाचते मी, वाचून दाखवते, नाही कुठं म्हणतेय — चष्मा आत राहिलाय एवढंच. हा? हा लांबचा आहे, जवळचा नाही. आधी पाणी घ्या. गावठाणातून या उन्हात चालत आलात, ते पण माझ्या तनुजाच्या ओटीचं सामान घेऊन — खण, नारळ, वर पेढे — आणि मी बघा, दारातच उभी राहिले बावळटासारखी. बसा. तुमचे सोपानराव काय म्हणाले, परत सांगा? आमचा मेसेज आला तेव्हा फोनच्या वरच्या पट्टीत एवढंच दिसलं — लाइक्ड, रविराज, फॅमिली, व्हेरी मच. म्हणाले, पोरीकडच्यांना आपला रविराज पसंत आहे. हां. तेवढं दिसतंच पट्टीत, आणि तेवढं खरंच आहे, खोटं नाही त्यात काही. पुढचं बघायला मेसेज उघडावा लागतो, आणि तुम्ही तो उघडला नाही, कारण घरात सुतक. चिमाजीअण्णा गेले. सोपानरावांचे सख्खे चुलते, हो ना? सुतकात लग्नाची बोलणी नकोत म्हणून आम्हाला फोनही केला नाही, आणि सुतक फिटलं तसं पहिलं काम म्हणून इथं आलात. रीतच आहे ती. मला कळायला पाहिजे होतं. इतकी वर्षं वधू-वर मंडळ चालवते मी, या पुढच्या खोलीत किती लग्नं जमली, आणि एवढं साधं सुचलं नाही, की गप्प बसलेल्या घरात कुणी गेलंही असेल.

सांगते, काय लिहिलंय ते सांगते. पण आधी हे वाक्य कुठल्या जातीचं असतं ते ऐका, म्हणजे मग — ऐका तर. इंग्रजीत ‘ऑलदो’ असा एक शब्द आहे. आपलं ‘जरी’ म्हणा. वाक्य त्यानंच सुरू करायचं. पहिल्या अर्ध्या भागात समोरच्याला पाटावर बसवायचं, त्याचं कौतुक करायचं, मग एक स्वल्पविराम, आणि त्याच्या पुढं काय ऐकवायचं ते ऐकवायचं. कुठं नसतं सांगा हे वाक्य? बिल्डरचं पत्र येतं — काम जोरात सुरू असलं तरी ताबा पुढच्या वर्षी. तनुजाला नोकरी लागायच्या आधी त्या माणच्या आयटी कंपन्यांच्या मेल यायच्या — तुमचं शिक्षण उत्तम असलं तरी या वेळी जमणार नाही. आमच्या सोसायटीचा ग्रुप उघडा, तिथं पण तेच. लोकांच्या भावनांचा आदर असला तरी गाडी हलवा. आता तर माणसं मराठीतसुद्धा असंच लिहायला लागलीत. तोंडावर नाही म्हणायचं ज्यांच्या जिवावर येतं ना, त्यांच्या कामाचं वाक्य आहे हे. माझ्यासारख्यांच्या.

मी कुठं शिकले? कॉलेजात नव्हे. आमच्या ह्यांच्या पत्रातनं. हे चाकणला गाड्यांच्या कारखान्यात, प्रेस शॉपला होते, लातूर सोडून आलो ते त्याच नोकरीच्या भरवशावर. एक दिवस पत्र आलं, ज्योतीराम अमुक तमुक, कंपनीला तुमच्या सेवेची मनापासून कदर असली तरी — झालं. मीच अर्थ लावून सांगितला त्यांना. रागावले पण नाहीत. रागवायला जागाच ठेवली नव्हती हो त्यात. भिंतीकडं तोंड करून पडून राहिले नुसते, आणि अजून तसेच आहेत म्हणा ना. मला त्या वाक्याची चीड यायला पाहिजे होती. आली नाही. मला वाटलं, काय सोय आहे. आणि मंडळ काढलं तेव्हा तेच वाक्य उचललं — सगळ्यांचे नकार मीच लिहिते, ताई. मुलाकडचे फोनवर मला खरं सांगतात — मुलगी सावळी आहे, बाप घरी बसून आहे, थोरलीनं पळून जाऊन केलं. मी ते गिळते आणि लिहिते, ऑलदो वुई लाइक्ड युवर डॉटर. नावं तेवढी बदलायची. इंग्रजीत गेलं की भांडायला कुणी येत नाही. मला वाटायचं, मी लोकांचं मन राखते. कसलं मन राखते — बिचारे आईबाप त्या पहिल्या अर्ध्याला धरून महिनोन्‌महिने माझ्याकडे खेटे घालायचे, मॅडम, आवडली म्हणालेत ना, परत एकदा विचारा ना. आणि मी म्हणायची, बघू.

तुमच्या फोनमध्ये? तेच आहे तुमच्या फोनमध्ये. रविराज आणि तुमचं घर आम्हाला खूप आवडलं असलं तरी, पुढं जायचं नाही असं आम्ही ठरवलंय. नकार आहे तो, ताई. होकार नाही. — नाही, तनुजानं नाही. तिला विचारलंसुद्धा नाही मी. मीच पाठवला.

तुम्ही बघायला आलात ना, त्या दिवशी ती किती खुशीत होती. रविराजनं म्हणे तिला आवडीनिवडी विचारल्याच नाहीत, तुला राग कशाचा येतो ते विचारलं — तुम्ही गेल्यावर भांडी विसळता विसळता सांगत होती आणि एकटीच हसत होती. आणि मग तुमच्याकडनं काहीच नाही. फोन नाही, निरोप नाही. माझ्या या धंद्यात गप्प बसणं म्हणजे नकार, दुसरं काही नसतं. निदान मी तसंच धरून चालले. आणि हिला नकार काय कमी आलेत? दुसऱ्यांचे नकार मी गोड करून लिहिते, पण माझ्या पोरीला आलेले मला सरळ ऐकावे लागतात, कारण मधे लिहायला कोणी नसतं. प्रत्येक वेळी ती ‘ठीक आहे’ म्हणते आणि मग कितीतरी दिवस आरशासमोर उभी राहत नाही. मला ते पुन्हा बघवणार नव्हतं. म्हटलं, त्यांनी म्हणायच्या आत आपणच म्हणून टाकू. नंतर रोज बघायची, ती टिक निळी होते का. होतच नव्हती. सुरुवातीला मेसेज पुसता आला असता, पण पुसलेलं पण दिसतं ना समोरच्याला. ठेवला तसाच. चिमाजीअण्णांचं मला काल भाजी घेताना कळलं. फोन हातात घेतला होता हो, तुमचं नाव पण काढलं होतं. धीर झाला नाही.

तिला? तिला काय कारण सांगितलं — काही नाही, असंच आपलं. कारण तर द्यावं लागतं ना, ती विचारणारच, का गं आई, चांगला तर होता. मग म्हटलं, कानावर आलंय म्हणून, ही चाकणकडची पोरं शिफ्ट सुटली की — जाऊ द्या ना, ते काय महत्त्वाचं आहे. — बरं. सांगते. मी सांगितलं, रविराज पितो. — बसा ना, ताई. उठू नका. बाहेर कुणाजवळ नाही बोलले, देवाशपथ. तिनं मैत्रिणींना सांगितलं असेल तर मला माहीत नाही. माळकरी घरातला मुलगा आहे, मला ठाऊक होतं. चांगल्या मुलाला नाही म्हणायला दुसरं काय सांगणार होते मी?

आत्ता फोन लावू? तुमच्यासमोर? ती ऑफिसात असेल, मीटिंगा असतात त्यांच्या. संध्याकाळी आली की मी स्वतः — व्हय, बरोबर आहे तुमचं. संध्याकाळपर्यंत मी काहीतरी जुळवून ठेवीन. लावते.

हॅलो, तनू. जेवलीस का? — नाही, बरे आहेत बाबा, सगळं बरं आहे. ऐक ना. तुला तर माहितीय मला तुझी किती काळजी असते, तुझ्याच भल्यासाठी मी — नाही. थांब. तसं नाही सांगत. रविराज पीत नाही. कधीच पीत नव्हता. मी खोटं बोलले. त्यांच्या घरात सुतक होतं म्हणून ते गप्प होते, आणि मला वाटलं ते नाही म्हणणार, म्हणून मीच आधी नाही कळवलं आणि तुला ते कारण सांगितलं. त्याची आई आलीय. तुझी ओटी भरायला आली होती. इथं माझ्यासमोर उभी आहे. — ऐकतेस ना? तनू? बोल काहीतरी. रागाव तरी.

हो. — हो. देते.

तुमच्याशी बोलायचंय म्हणते. माझ्याशी नाही. धरा, असा कानाला धरा. — काय म्हणतेय? — नको. नका सांगू. मला सांगायचं असतं तर मलाच बोलली असती. तुम्ही बोला, सावकाश बोला. मी बाहेर जिन्यात थांबते.