लाल चिंधी

(घाटाचा उतार. गिऱ्हाइकाची गाडी वर दगडातून चालवून बघून परत नेताहेत. ताई चालवतेय, शेजारी बाबा. धाकटा भाऊ खाली गॅरेजमध्ये. फोन डॅशबोर्डवर, स्पीकर चालू.)

ताई : ...चेष्टा नाही करत रे. वळणावर गाडी इतकी कलते की माझा खांदा दाराला टेकतो.

धाकटा : हवा कमी असेल. दगडातून चढवताना सोडली होती ना आपण.

ताई : निघताना भरली मी. चारही टायर.

बाबा : बाई, रस्त्याकडे बघ. फोनशी कसल्या गप्पा!

धाकटा : थांब, ताई. तू स्वे बार लावलास ना परत?

ताई : मी? तू लावून गेलास ना?

धाकटा : मी गिऱ्हाइकाला त्याच्या दुसऱ्या गाडीतून घेऊन पुढे आलो. बारच्या दोन्ही पिना लाल चिंधीत बांधून स्टिअरिंगला लटकवल्या होत्या. नेहमीसारख्या.

ताई : स्टिअरिंगला काही नव्हतं.

धाकटा : काय?

ताई : काही नव्हतं रे! चिंधी नाही म्हणजे बार जोडलेला. आपल्याकडे आजवर हेच चालत आलंय. मी वाकूनसुद्धा बघितलं नाही.

धाकटा : ताई, ऐक. बार सुटा आहे. दगडात ठीक होतं, चाकं मोकळी हवीच असतात तिथं. पण रस्त्यावर वळणात गाडीला सावरून धरणारा तोच दांडा. झटका दिलास तर आडवी होईल. स्पीड किती?

ताई : चाळीस. मागे ट्रक आहे, हॉर्नवर हॉर्न. डावीकडे दरी.

धाकटा : वाजवू दे त्याला. स्टिअरिंग तेवढं झटकू नकोस. ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. दुसऱ्या गियरवर घे.

ताई : घेतली. पुढे वळण आलंय. मोठं आहे रे. उजवीकडे.

बाबा : गाडीशी भांडू नकोस. तिच्या चालीनं जाऊ दे तिला.

ताई : बाबा, स्टिअरिंगला हात नका लावू!

धाकटा : ताई? काहीतरी बोल. ताई!

ताई : कलली. अरे, दरीकडे कलली, इकडचं चाक हलकं झालंय...

धाकटा : धर तसंच! उलटं फिरवू नकोस!

ताई : ...आली. सरळ आली. आई गं. जीव जायचा राहिला.

धाकटा : माझाही. थांबायला जागा आहे का कुठे?

ताई : पुढे खडीचा ढीग आहे, तिथे रस्ता रुंद दिसतोय. घेते बाजूला. घे बाबा, जा एकदाचा पुढे.

धाकटा : कोण?

ताई : ट्रकवाला. शिव्या घालत गेला. घालू दे. थांबले मी. हँडब्रेक ओढलाय.

बाबा : नुसत्या हँडब्रेकवर काय विसंबतेस? उतर, चाकाला दगड लाव.

ताई : लावते, बाबा.

धाकटा : मग पिना शोध. सीटखाली बघ, पायाशी बघ. गळून पडल्या असतील.

ताई : दगड लावला. पायाशी नाहीत. सीटखाली पाना आहे नुसता. बाबा, तुम्ही पाहिलीत का? लाल चिंधी?

बाबा : ही होय?

धाकटा : सापडली? ताई, सापडली का?

ताई : बाबांच्या खिशात आहे.

बाबा : स्टिअरिंगला कुणीतरी फडकं बांधून ठेवलं होतं. मधेमधे येत होतं, सोडून ठेवलं.

धाकटा : बाबा, त्यात पिना आहेत!

बाबा : असतील. मला काय ठाऊक कशाच्या?

धाकटा : कशाच्या म्हणजे? ज्यानं चिंधी बांधली त्यानंच सोडायची, हा नियम कुणाचा? मी एकदा खेळता खेळता सोडली तर कानशिलात दिली होतीत मला. अख्ख्या गॅरेजसमोर!

बाबा : मी? तुला?

ताई : पुरे कर रे. आत्ता नको.

धाकटा : अगं, पण...

ताई : पुरे म्हटलं ना! मला दरीपेक्षा या विसरण्याचीच जास्त भीती वाटायला लागलीय. आधी काम करू दे. मी गाडीखाली जातेय.

बाबा : आधी चाकं सरळ कर. वाकडी चाकं ठेवून कुणी खाली शिरतं का? आणि ती दोरी सोड, बारला चाकाशी जोडणारी लिंक वर बांधलेली असेल.

ताई : होय. केली सरळ. दोरी सुटली. डाव्या बाजूची पिन... बसली.

बाबा : क्लिप लावलीस? ओढून बघ.

ताई : पक्की आहे. उजवी नाही जमत. भोकाला भोक येत नाहीये, बोटभर वर राहतंय.

बाबा : येईल कसं? जमीन सपाट आहे का? थांब. हात बाजूला घे, मी बंपरवर भार देतो. आता?

ताई : अजून थोडं.

बाबा : आता?

ताई : बसली! बसली, बाबा.

बाबा : ओढून बघ. पुन्हा एकदा ओढ. हं. ये बाहेर. डोक्याला लागेल, बेतानं.

ताई : बघा, सगळं येतंय तुम्हाला. उगाच घाबरले मी.

बाबा : हाताला येतंय. चिंधी मीच सोडली ना?

ताई : वाऱ्यानं सुटली असेल.

बाबा : आणि उडून माझ्या खिशात आली? बापाला शेंडी लावतेस?

ताई : बाबा...

बाबा : सोडताना मला काहीही आठवलं नाही गं. फडकं वाटलं. हल्ली गॅरेजचं शटर ओढतो, घरी येतो, आणि परत जाऊन बघतो. बघितलं हेही विसरतो. भीती वाटते. कुणाला सांगणार?

ताई : मला सांगायचं. माझ्यापाशी कसली लाज?

बाबा : कुठे गेली ती चिंधी?

ताई : ही काय. आता कशाला? बार जोडलाय आपण.

बाबा : आता सुटा मीच आहे. माझ्या मनगटाला बांध. लांबून दिसेल अशी.

धाकटा : ताई? ऐकू येतंय का? बसल्या का दोन्ही?

ताई : बसल्या रे. थांब जरा, गाठ मारतेय.