वरळीकडे तोंड

— अहो बसा हो सेक्रेटरीसाहेब, त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय रजेवर आहे, इकडे कॉटवर टेका. हां. तर काय म्हणत होतात — एकच? अख्ख्या सोसायटीला मिळून एकच अँटेना, आणि ती लावायची कुणी, तर या सितारामनं? वा! म्हणजे कोंबडीलाच सांगायचं, बाई गं, तुझा तेवढा मसाला तूच वाटून दे! — रागावू नका, गंमत केली. कल्पना चांगलीच आहे, मी कुठं नाही म्हणतो? गच्चीवर अ‍ॅल्युमिनियमचं जंगल झालंय, कबूल. बायकांना पापड वाळवायला जागा नाही, कबूल. मागच्या पावसाळ्यात एक काठी उडाली ती वामनरावांच्या स्कूटरच्या सीटमध्ये त्रिशूळ रोवल्यासारखी उभी राहिली, दोन बायका हळदकुंकू घेऊन आल्या होत्या म्हणतात — तेही कबूल, ती काठी मीच लावली होती. पण साहेब, तुम्ही बँकेतले, तुम्हाला व्याज कळतं, हवा कळत नाही. एकच अँटेना म्हणजे अख्ख्या गावाला मिळून एकच चष्मा. तो फुटला की सगळे आंधळे! उद्या मॅच चालू असताना त्या एका काठीवर कावळा बसला तर? हसू नका. तुर्भ्याला एक कावळा आहे, बातम्या सुरू झाल्या की अँटेनावर येऊन बसतो आणि संपल्या की उडतो. आपल्याकडे पाणी कधी येणार ते बातम्यांत सांगत नाहीत म्हणून त्याचा निषेध आहे, असं लोक म्हणतात. लोक म्हणतात तेवढंच मी सांगतो. — हो, हो, कळलं, आजच्या मीटिंगमध्ये सांगायचंय तुम्हाला. मी नाही म्हटलं तर चेंबूरची पार्टी येईल. येऊ दे की. चेंबूरवाल्याला वाशीची हवा काय ठाऊक? — बरं, बरं, सांगतो, हो की नाही ते सांगतो. चहा होईपर्यंत तरी बसाल?

— कशाला करतो म्हणता? कंपनीत पर्मनंट असून ड्यूटीनंतर हे गच्च्या चढणं कशाला? सगळे हेच विचारतात. बघा, मी कंपनीत इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक. ठाणे-बेलापूर रोडला बस वळली की तुम्ही नाकाला रुमाल लावता ना — तो वास आमचा. तिथं माझं काम म्हणजे काटे सांभाळायचे. भिंतभर गोल डबे, प्रत्येक डब्यात एक काटा, आणि काटा हलला नाही की माझा दिवस चांगला गेला. म्हणजे पाळीभर मी वाट कशाची बघत असतो? तर काहीच न होण्याची! कानात कापूस, तोंडावर फडकं, शेजारच्याशी बोलायचं तर हातवारे. एकदा आमच्या श्यामसुंदरनं — ऑपरेटर आमचा — हातवाऱ्यांनी सांगितलं की मुलगा झाला, मला वाटलं पाइप फुटला, आणि मी अख्खा प्लांट बंद केला. — नाही पटत? बरं, अर्धा प्लांट. तर सांगायचं काय, हातात कसब आहे ते तेच — वायर, जोड, सिग्नल कुठून येतो, कुठं अडतो. पण कंपनीत ते काट्यापाशी जाऊन थांबतं, आणि इथं माणसापाशी. पाळी सुटली की खिशात पक्कड घालायची, कुणाच्या तरी गच्चीवर जायचं, काठीचं तोंड खाडीपलीकडे वरळीच्या टीव्ही टॉवरकडे करायचं, आणि खाली हाक द्यायची — आलं का?

ही हाक म्हणजेच सगळा धंदा, साहेब. वरच्याला चित्र दिसत नाही, खालच्याला काठी दिसत नाही. वरच्यानं फिरवायचं, खालच्यानं सांगायचं. आणि सांगण्याची प्रत्येक घराची तऱ्हा वेगळी. आपल्या मालतीबाई गॅलरीत येऊन ‘आलं हो सितारामभाऊ, आलं, आलं, आलं — अगंबाई, गेलं!’ असा सूर लावतात की स्टॉपवरची माणसं बस आली म्हणून पिशव्या उचलतात. वामनराव शाळामास्तर, ते ‘आलं’ म्हणतच नाहीत, ‘ऐंशी टक्के’ म्हणतात. मी केसभर फिरवतो — ‘पंच्याऐंशी’. पैकीच्या पैकी त्यांनी आयुष्यात कुणाला दिले नाहीत, वरळीला कशाला देतील? मधल्या बिल्डिंगमधला दिलीप शिट्टी मारतो, आलं तर एक, गेलं तर दोन, आणि त्याच्यापायी समोरच्या मुलीच्या बापानं मला गच्चीवर गाठलं होतं, छत्री घेऊन. डोळे मिटून बसवा मला, हाक ऐकून सांगेन कुठलं घर, चहात आलं घालतात की वेलची. आणि दार उघडल्यावर काय म्हणतात माहीत आहे? ‘अँटेनावाले आले.’ बस. एवढंच. गावाला साहेब, मी कोण, कुणाचा, कुठल्या वाडीतला, हे पाण्याच्या घोटाआधी बघायचे. महाडकडचा मी. चौदा एप्रिलला आमच्या वस्तीतला लाउडस्पीकर मीच लावायचो, असा खणखणीत वाजायचा की वरच्या आळीनं एकदा लग्नाला बोलावलं — वायर जोडायला. जेवायला नाही. इथं आधी चहा, मग काम. कधी कधी तर नुसताच चहा, काम काही नसतंच.

इथल्याच, वाशीच्या जुहूगावात केशरबाई आहेत, त्यांची गोष्ट सांगतो, मग तुम्ही जा. म्हातारीची खाडीकाठची शेती नव्या शहरात गेली, पैसे आले, आणि त्या पैशांतला पहिला रंगीत टीव्ही तिच्या घरात. घर मात्र जुनंच, कोंबड्या घरात. आता टीव्हीची पाठ गरम असते की नाही? कोंबडी गेली ती तिथंच अंड्यांवर बसली. मी काठी लावून खाली आलो तर म्हातारी तोंडावर बोट ठेवून म्हणते, ‘बाला, आवाज बारीक ठेव, कोंबरी बसली हाय.’ कार्यक्रम संपले तरी टीव्ही बंद करू देईना, ऊब जाईल म्हणून! पिल्लं निघाली ती अशी शहाणी, शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागला की समोर रांगेत बसतात, आणि त्यात पोल्ट्रीचं नाव निघालं की सगळी पलंगाखाली. — मी बघितलंय म्हणून सांगतो! तर ती केशरबाई दर वेळी माझ्या हातावर भाकरी ठेवते आणि दर वेळी तेच विचारते, ‘बाला, तुजी बायको कुठं हाय? एकला मानूस बरा नाय.’ मी सांगतो, गावी गेलीय, येईल आता.

— हो, गावीच आहे. दिवाळीला गेलीय. — नाही, या दिवाळीला नाही. मागच्या. म्हणजे मागच्याही नाही म्हणा, तिच्या आधीच्या — ते जाऊ द्या, साखर कमी नाही ना झाली? तुम्ही आत्ता आलात राहायला, तुम्हाला कल्पना यायची नाही. आम्ही आलो तेव्हा या बिल्डिंगमध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी घरं उघडी. बाकी कुलपं. लोकांनी घरं घेऊन ठेवली आणि राहिले तिकडेच, कुर्ल्याला, परळला. आमची भागीरथी संध्याकाळी दारात उभी राहायची आणि म्हणायची, ‘अवो, इथं भांडायला पन कुनी नाय.’ खरंच होतं ते. गावाला रोज एक भांडण व्हायचं तिचं, निदान कुणाच्या बकरीवरून तरी, त्यावर तब्येत कशी ठणठणीत! मग मी हा टीव्ही आणला. म्हटलं, घरात चार आवाज असू देत. आठवडाभर बघितला तिनं. म्हणाली, ‘ही मान्सं बोलतात चांगली, पन आपन काय बोललो तर ऐकत नायत.’ मग दिवाळी आली.

आता पैसे यातून मिळतात, नाही कशाला म्हणू? पगार घरखर्चाला, हे वरचे बाजूला. म्हटलं, गावचं घर दर वर्षी शाकारायचं बंद करू, एकदाच पक्कं करू, तिला सुख लागेल. आधी विटांच्या भिंती घातल्या. मग स्लॅब. मग लादी, मग मोरीत नळ. इथं एकेक काठी उभी राहिली तसं तिकडे घर उभं राहिलं. आणि सुख लागलं की! असं लागलं की आता जागची हलेना. म्हणते, ‘असलं घर टाकून तुमच्या त्या कुलपांच्या शेजाराला कशाला येऊ? तुमीच या.’ बघा म्हणजे! माणूस बायकोला जवळ आणायला जास्तीचं कमावतो, मी तिला तिकडे पक्की करायला कमावलं. हसा ना, हसण्यासारखंच आहे. केशरबाईंना सांगितलं तर त्या कोंबडीसकट हसल्या. — नाही. सांगितलं नाही अजून. — आणि नोकरी सोडून तिकडे जाऊ तर पगार बंद, मग काय स्लॅब चाटत बसू? तिथल्या डोंगराआड वरळीपण दिसत नाही. तिथं मला कोण हाक मारणार, आणि कशासाठी? इथं निदान ‘सितारामभाऊ, जरा येता का, चित्र हलतंय’ म्हणून कुणीतरी दार वाजवतं. तुमची ती एकच अँटेना लागली, बूस्टर बसला, घरोघर वायर गेली, की मग कुणाचं चित्र हलणार? कुणाचंच नाही! छान होईल. सगळे आपापल्या घरात बघत बसतील, साफ.

— अहो, ते फडकं राहू द्या. टीव्ही काय बघायचा आमचा — लावलात? बंद करा, बंद करा, मुंग्या आहेत नुसत्या. — मोडला नाही हो! सेट एकदम फर्स्टक्लास आहे. गच्चीवर कोपऱ्यातली ती काठी माझीच, मागच्याच्या मागच्या वादळात फिरली. — फिरवू कशी? मी वर गेलो तर इथं बघणार कोण? ती होती तोवर ती खाली, मी वर. नंतर एकदा करून बघितलं एकट्यानं — वर जायचं, बोटभर फिरवायची, जिना उतरून बघायचं, पुन्हा वर. शेवटी खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी काठी घेऊन दार उघडलं, त्यांना वाटलं चोर आहे आणि रस्ता विसरलाय. — मालतीबाईंना सांगू? काय म्हणून सांगू? ‘या बाई, अँटेनावाल्याचंच आलं नाही, जरा बघा?’ धंद्याची काही अब्रू आहे की नाही!

— तुम्ही? तुम्ही थांबता? अहो नको, तुमची मंडळी घरी टीव्हीवरच्या पिक्चरला वाट बघत असतील. — दोन मिनिटं? दोन मिनिटांत होईल, हात बसलाय माझा. आणि ते तुमचं, एका अँटेनाचं, खाली आलो की लगेच सांगतो. हो की नाही, एका शब्दात. इथं बसा, असे समोर. सांगताना तोंड गॅलरीकडे करायचं, आणि लाजायचं नाही. आलं तर आलं, गेलं तर गेलं. आलोच.

— साहेब! ऐकू येतंय का? — हां! फिरवतो! — आलं का? — काय? लगेच? असं कसं लगेच? नीट बघा, सावली पडत असेल, पडद्यावरच्या बाईला दोन नाकं असतील! — एकच? — थांबा, उठू नका, पहिल्या झटक्याला आलेलं टिकत नाही, जरा पलीकडे नेऊन बघतो! — आता? — गेलं? बघा, मी म्हटलं नव्हतं! — आता? थोडं थोडं? थोडं म्हणजे किती, वामनरावांसारखं टक्क्यांत सांगा! — आता? — मोठ्यांदा हो, बँकेतल्यासारखं नको! — हां! असं! पुन्हा एकदा म्हणा! — नाही, पक्कं झालं का बघतोय! अजून केसभर इकडे घेतो! — आता? — साहेब? आलं का? — मग गेलं का? — काहीतरी सांगा की, अहो!

— हे तर खाली पोचले. रस्ता ओलांडला पण. ओ सेक्रेटरीसाहेब! लावतो म्हणावं! एकच लावतो, सगळ्यांना मिळून! मीटिंगला सांगा, सिताराम हो म्हणाला! — ओ! पण घरोघर वायर जोडायला मीच जाणार, दुसरं कुणी नाही! एकेका घरी! ऐकलंत का? — ओ साहेब!

— वारा तिकडून आहे. नाही पोचायचं.